अस्वस्थ होण्याची सोय

गोरेगाव, ता. सेनगाव
५ जानेवारी २०२५

नीलाताई, सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. तुम्हीही हेच लिहिणार, म्हणून थेट कामाचं बोलतो.

परभणीचं ते नाटक अखेर पाहून आलो. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, आणि प्रेक्षागृहातले दिवे काही बंद होईनात. आपला धंदा मंडप आणि लाईटचा. मला वाटलं दिवेवाल्याचा घोटाळा झाला, जाऊन सांगावं. उठलो तर शेजारच्या माणसानं शर्ट धरून खाली बसवलं. नाटकच तसं होतं म्हणे. दोन तास उजेडात बसायचं. तिकडे सून सासऱ्याचं ताट पायानं सरकवते, आणि इकडे आपल्याला दिसतं की तिसऱ्या रांगेतल्या बाईनं मान खाली घातली. अंधारात आपण किती सुखात नाटक बघतो ते त्या दिवशी कळलं. मध्यंतरात वडापाव घेतला आणि तसाच हातात धरून परत आत आलो. तुमचं मत सविस्तर लिहा. फोन करू नका. त्या सिनेमाचा शेवट मी फोनवर बोलून गेलो आणि तुम्ही सहा महिने माझा फोन उचलला नाही, ते मी विसरलेलो नाही. नाटक-सिनेमा फक्त कागदावर, आणि कागद हिरासिंगच्या जीपनं. तो रोज हिंगोलीला येतो आणि पत्र उघडत नाही, कारण त्याला नाटकाचा मनापासून कंटाळा आहे.

आता खरी बातमी. मी नवं नाटक लिहिलंय. सोबत पाठवतोय. नाव 'इकडे सर्व ठीक'. अंबूबाई नावाची म्हातारी आहे. कुणी काही विचारलं की तिचं एकच उत्तर, 'बरं हाय'. मुलाचा फोन आला, बरं हाय. छत गळतंय, बरं हाय. ताप आलाय, बरं हाय. शेवटी तिचा बांध फुटतो आणि ती दहा मिनिटं बोलते. अंबूबाईचं काम ऐश्वर्या करणार आहे. बायको म्हणून घेतलं नाही, गोरेगावात दुसरी कुणी तयार होत नाही म्हणून घेतलं.

दोन फेब्रुवारीला, रविवारी, बाजारतळावर प्रयोग. आणि ताई, हे शेवटचं. मागच्या नाटकाला मध्यंतरानंतर जेवढी माणसं उरली त्यापेक्षा रंगमंचावर जास्त होती. या वेळी लोक शेवटपर्यंत बसले नाहीत तर तो निळा मखमली पडदा लग्नाच्या मांडवाची कनात होईल. ऐश्वर्याला तसा शब्द दिलाय. आई मात्र बसेल. बसेल, आणि घरी येताना म्हणेल, 'बरं झालं'. माझ्या पहिल्या नाटकापासून तिनं याहून एक अक्षर जास्त काढलेलं नाही.

दोन कामं करा. रिक्षावरून फिरवायला चांगल्या मराठीत जाहिरात लिहून द्या. आणि पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर येऊन बसा. कॉलेजच्या वाचनालयात तुम्ही स्वतःच्या कार्डावर मला नाटकाची पुस्तकं दिली नसती तर हा रोग मला लागलाच नसता. तेव्हा निस्तरायला या.

तुमचा
भीमराज

*

हिंगोली
९ जानेवारी

प्रिय भीमराज,

मी बरी आहे. पाय जरासा मुरगळलाय, पण तेवढं चालायचंच.

वडापाव न खाता परत आणलास म्हणजे नाटक लागलं तुला. माझी परीक्षा मात्र वेगळी आहे. रात्री झोप उडवणारी नाटकं पुष्कळ असतात. भुताचं नाटकही झोप उडवतं. मी बघते की दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना ते आठवतं का. मध्ये श्रेयसनं, आईचा वेळ जावा म्हणून, बंगळूरहून माझ्या मोबाईलवर एक सिनेमा लावून दिला होता. घराला रंग द्यायचा म्हणून वडिलांची खुर्ची या खोलीतून त्या खोलीत हलवतात, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, रडारड नाही. शेवटी रंग पुरा होतो आणि खुर्ची ठेवायला जागाच उरलेली नसते. पाहताना मला कंटाळा आला. श्रेयसला म्हटलंही, काय रे हे. दुसऱ्या दिवशी दोडका चिरता चिरता सुरी थांबली आणि मी मार्तंडरावांच्या खुर्चीकडे बघत बसले. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, आणि मी तिच्यावर वाळलेले कपडे टाकते.

म्हणून म्हणते, लोकांना हसवणं सोपं, रडवणं त्याहून सोपं. अस्वस्थ करणं अवघड. तेच जाहिरातीत लिहिलंय:

'रसिकहो! आजवर नाटकांनी तुम्हाला हसवलं, नाटकांनी तुम्हाला रडवलं. हे नाटक तुम्हाला अस्वस्थ करून सोडेल! घरी गेल्यावरही याचा परिणाम उतरणार नाही! सहकुटुंब या!'

कसं वाटतं? वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. नाटक निवांत वाचते. तालमीला एकदा नक्की येईन.

नीलाताई

*

गोरेगाव
१८ जानेवारी

नीलाताई, जयभीम.

तुमच्या चांगल्या मराठीनं माझं वाटोळं केलं.

रिक्षा तीन दिवस फिरली. गोरेगाव झालं, आजूबाजूची खेडी झाली, पार पुसेगावपर्यंत गेली. चौथ्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई संगिता दुकानात आली, वही आणि पिशवी घेऊन. म्हणाली, "भाऊ, तुमच्या नाटकानं लोकं अस्वस्थ होणार हायेत म्हणं. मंग आमाला आधी कळवायचं नव्हतं का? गोळ्या कितीक आणू?"

मला आधी कळेचना. मग तिनं समोरच्या अंगणवाडीकडे बोट दाखवलं. तिथं महिनाभरापासून पाटी आहे, 'स्वस्थ बालक स्पर्धा'. गावाला स्वस्थ म्हणजे तब्येतीनं ठणठणीत हे पाठ झालंय. मग अस्वस्थ म्हणजे काय? बेमार! आणि तुम्ही वर लिहिलंय की घरी गेल्यावरही परिणाम उतरणार नाही. सहकुटुंब या!

आता गावभर एकच चर्चा. गरोदर बायांना त्यांच्या सासवांनी आत्ताच बजावून ठेवलंय. कुणी म्हणतं पडद्यामागून धूर सोडणार आहेत, कुणी म्हणतं त्या निळ्या पडद्याच्या रंगातच काहीतरी आहे. कोंडीबामामा, म्हणजे आमचे माजी सरपंच, माझ्या प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसून मध्यंतरात उठून जाणारा माणूस, ते दुकानात येऊन म्हणाले, "भीमराज, तुझ्या बापाचं नाव मोठं हाय. काहून असं करून राहिला?" मी शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. अस्वस्थ म्हणजे मनात कालवाकालव होते तसं. ते म्हणाले, "म्हंजे पोटात?"

आई ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली की बरं झालं, निदान लोकांना कळलं तरी नाटक आहे म्हणून.

रिक्षा बंद केलीय. माणसं येणार नाहीत. पडदा आत्ताच फाडायला घ्यावा असं वाटतं.

आणि ताई, तुम्ही तालमीला आला नाहीत. हिरासिंग सांगत होता, बाईंनी चिठ्ठी खिडकीतूनच घेतली, दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. काही राग आहे का?

भीमराज

*

हिंगोली
२१ जानेवारी

भीमराज,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची मंडळी काय झालं म्हणून बघायला आली. तुझं वाटोळं माझ्या हातून झालं हे कबूल. जन्मभर वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली आणि एक शब्द गावात गेल्यावर काय होतो ते कळलं नाही मला.

पण रिक्षा काहून बंद केलीस? (बघ, तुझ्यामुळे माझ्याही लेखणीत 'काहून' आला.) अरे, इतकी वर्षं तू नाटकं करतोस, गोरेगावात नाटकाची आधी चर्चा झाली होती कधी? आता होऊन राहिली आहे. उद्याच रिक्षा पुन्हा काढ आणि जाहिरातीत एक ओळ वाढव: 'अस्वस्थ होणाऱ्यांची सोय केलेली आहे.' संगिताला हात जोडून बोलाव. रंगमंचाच्या शेजारी टेबल मांड, तिला बीपीचं मशीन घेऊन बसू दे. पांढरा कपडा टाक टेबलावर. तुझ्याकडे मांडवाचे ढीगभर आहेत. लोक नाटक बघायला येणार नाहीत कदाचित, पण कोण आजारी पडतं ते बघायला नक्की येतील. आणि एकदा खुर्चीत बसला की माणूस तुझा.

राग कसला? खिडकीतून चिठ्ठी घेतली कारण दाराजवळ नुकतंच पुसलेलं होतं. मी बरी आहे.

प्रयोगाला मात्र यायला जमणार नाही असं दिसतं. पाहुणे यायचे आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस.

नीलाताई

*

गोरेगाव
२४ जानेवारी

नीलाताई,

रिक्षा काढली. संगिता येते म्हणाली, पण खुर्ची गादीची हवी अशी अट आहे.

बाकी मला एवढंच म्हणायचंय. तुमच्याकडे माझ्या माहितीत जानेवारीत कधी पाहुणे आलेले नाहीत. नाटक पाठवून इतके दिवस झाले, तुम्ही त्यावर एक ओळ लिहिली नाही. परभणीच्या नाटकावर लिहिलं, खुर्चीच्या सिनेमावर लिहिलं, माझ्या अंबूबाईवर नाही. आवडलं नसेल तर सरळ लिहा. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची मी रिकामी ठेवणार आहे, तुम्ही या किंवा येऊ नका.

भीमराज

*

हिंगोली
२७ जानेवारी

भीमराज,

वेडा आहेस. नाटक मी त्याच दिवशी वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा त्या पानांना हात लावावासा वाटला नाही, म्हणून लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजी चिरण्याची वाट बघावी लागली नाही, एवढं पुरे?

एकच सुचवते. शेवटचं दहा मिनिटांचं भाषण काढून टाक. अंबूबाईला बोलू देऊ नकोस. ती बोलली की तिचं ओझं उतरेल आणि तिच्याबरोबर बघणाऱ्यांचंही. घरी जाऊन सगळे गाढ झोपतील. अशा बाया बोलत नसतात, भीमराज. त्यांना बोलायचं नसतं असं नाही. समोरच्यानं दुसऱ्यांदा विचारलं तर त्या बोलतील. पण 'बरं हाय' ऐकून समोरच्यालाही बरं वाटतं, मग तो दुसऱ्यांदा कशाला विचारेल? तिला शेवटपर्यंत तेच म्हणू दे.

आणि परभणीचे दिवे आठवतात ना? तुझ्याकडे हॅलोजन आहेत. एवढं सांगून गप्प बसते.

ऐश्वर्याला माझा आशीर्वाद सांग. खुर्ची रिकामी ठेवू नकोस, कुणालातरी बसव.

नीलाताई

*

गोरेगाव
३ फेब्रुवारी

नीलाताई, जयभीम.

शांतपणे लिहायचं ठरवलंय, बघू किती जमतं.

काल संध्याकाळी सहालाच बाजारतळ भरला. पुसेगावहून दोन टमटम भरून माणसं आली. पण नाटकाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. संगिताच्या टेबलापुढे रांग लागली होती. फुकट बीपी म्हटल्यावर अर्धं गाव बाह्या वर करून उभं. कोंडीबामामांनी पुढे घुसून सगळ्यांच्या आधी तपासून घेतलं. "नाटकाच्या आधीचं लिहून ठेव," म्हणाले, "मंग मागाहून पाहू." सगळे हसले, पण मग सगळ्यांनीच आधीचं लिहून घ्यायला लावलं. सात वाजता सुरू व्हायचं नाटक त्यामुळे लांबलं. माझ्या नाटकाला उशीर व्हावा इतकी गर्दी, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं.

कडेच्या खुर्चीवर आई बसली. तुमचं ऐकून रिकामी ठेवली नाही.

पडदा उघडला. अंबूबाईच्या पहिल्या 'बरं हाय'ला लोक हसले. दुसऱ्यालाही हसले. पाचव्या-सहाव्यापर्यंत लोकच तिच्या आधी म्हणायला लागले, मुलाचा फोन वाजला की अख्खा बाजारतळ एका सुरात 'बरं हाय'. मी विंगेत डोक्याला हात लावून बसलो. म्हटलं, गेलं, याचा फार्स झाला. मध्यंतरात कोंडीबामामा उठले. मी पाहत होतो. उठले, पाणी प्यायले आणि येऊन बसले.

मग तापाचा प्रवेश आला. तुम्ही सांगितल्यासारखं केलं. ऐश्वर्या खाटेवर बसलेली, अंगात थंडी, आणि त्याच वेळी मी सगळे हॅलोजन प्रेक्षकांवर लावले. लोक दचकले, एकमेकांकडे बघायला लागले. फोन वाजला. आणि ताई, या वेळी कुणी म्हटलं नाही. फोन वाजत राहिला. मी बघितलं तर बाप्यांच्या बाजूची माणसं माना वळवून बायांच्या बाजूला बघत होती. प्रत्येक जण आपली-आपली आई शोधत होता. ज्यांच्या आया तिथं होत्या त्या पदर सावरून दुसरीकडेच बघत होत्या. ऐश्वर्यानं फोन उचलला आणि म्हणाली, "बरं हाय रे, लेकरा. तू जेवला का?" झालं. भाषण नाही, पडदा.

टाळी नाही. एकही नाही. मी पडद्यामागे उभा राहून मनातल्या मनात कनातीचं माप काढत होतो. बऱ्याच वेळानं फटीतून पाहिलं तर एकही माणूस हललेला नव्हता. मग कोंडीबामामा उठले ते सरळ संगिताच्या टेबलाशी गेले आणि बाही वर केली. तिनं दोनदा तपासलं. आधी होतं तेवढंच.

"मशीन खराब हाय तुजं," मामा म्हणाले. "इथं कायतरी होऊन राहिलं." आणि छातीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. त्यांची आई गोरेगावातच आहे, वेगळ्या घरात. घरी न जाता ते तिकडे वळले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

आता खरी गोष्ट. खुर्च्या गोळा करून आईला घेऊन घरी निघालो. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, 'बरं झालं'. वळणावरच्या ओट्यापाशी ती थांबली आणि बसलीच.

"माहा गुडघा लई दुखून राहिला रे, भीमा," ती म्हणाली. "दोन सालं झाली."

दोन वर्षं, ताई! मी रोज तिला विचारतो, कशी आहेस. रोज. आणि तेच नाटक मी कागदावर लिहून, तालीम घेऊन, तिला पहिल्या रांगेत बसवून दाखवलं. नाटक लिहिताना ही बाई माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ती म्हणाली, रडतो कशाला, तू आज विचारलं नाही म्हणून सांगितलं.

पडदा धुवायला टाकलाय. कनात होणार नाही. ऐश्वर्यानंच सांगितलं.

तुमची फार आठवण आली. पाहुणे कसे आहेत?

भीमराज

*

हिंगोली
५ फेब्रुवारी

प्रिय भीमराज,

पाहुणे नव्हतेच.

डिसेंबरात मी न्हाणीघरात घसरून पडले. घोट्याचं हाड मोडलं, दोन स्क्रू घातलेत, प्लास्टर आहे. मिराबाई येऊन स्वयंपाक करून जाते. तुझी चिठ्ठी खिडकीतून घेतली कारण दारापर्यंत जायला मला वॉकर लागतो आणि तो हिरासिंगनं बघायला नको होता. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, हाड नीट जुळत नाहीये, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. त्याच दिवशी मी तुला चार ओळी जाहिरातीच्या लिहिल्या आणि वर लिहिलं, मी बरी आहे. हे सगळं मी श्रेयसलाही सांगितलेलं नाही. तो दर रविवारी फोन करतो. मी पाय स्टुलावर ठेवून त्याला वरईचा भात कसा करायचा ते सांगते.

तुझ्या नाटकातलं भाषण काढायला मी कलेसाठी सांगितलं असं मला तेव्हा वाटलं होतं. खरं म्हणजे अंबूबाईनं सांगून टाकलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं.

काल तुझ्या आईच्या, पद्माबाईंच्या, गुडघ्यापर्यंत वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. श्रेयसला फोन लावला. नाटकाविषयी नव्हता, म्हणून नियम मोडला नाही. म्हटलं, मी बरी नाहीये. सगळं सांगितलं. भीती वाटते हेही सांगितलं, ते म्हणायला सगळ्यात जड गेलं. त्यानं डॉक्टरांचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. मग म्हणाला, "आई, मलाही एक सांगायचंय. माझी नोकरी गेलीय. दिवाळीनंतर लगेच. तुला उगाच काळजी नको म्हणून..."

भीमराज, दर रविवारी दोन्ही टोकांना अंबूबाईच बसल्या होत्या! आधी मी रडले, मग तो रडला, आणि मग मला असं हसू आलं की स्टूलच पडलं. तिकडून तोही हसायला लागला. उद्याच्या गाडीनं निघतोय. म्हणतो, आता रजा मागायची भानगड नाही, हवं तितकं राहता येईल. नोकरी मिळेल त्याला दुसरी, त्याची मला तितकी चिंता नाही. मला त्याचा हात धरून त्या ऑपरेशनच्या खोलीपर्यंत जायचं होतं, ते होईल.

तुझ्या कडेच्या खुर्चीवर पद्माबाई बसल्या ते योग्यच झालं. पण माझा प्रयोग राहिला. तो तू मला द्यायचा आहेस.

इकडे काही ठीक नाही. तिकडचं खरं कळव.

नीलाताई

*

गोरेगाव
६ फेब्रुवारी

नीलाताई,

तुमच्यावर फार चिडलोय, पण ते समोर बसून सांगेन. दोन महिने! आणि मी तुम्हाला पाहुण्यांवरून टोमणे मारत होतो. मोठ्यानं ओरडावंसं वाटतं, आणि पाया पडावंसंही.

श्रेयसला स्टेशनवर घ्यायला हिरासिंग जाईल. मी काहीच न सांगता तो म्हणाला, मला वॉकर दिसला होता, पण बाईनं लपवला म्हणून मीही बोललो नाही. जीपवालासुद्धा अंबूबाई निघाला.

परवा आम्ही सगळे येतो. आईच्या गुडघ्यासाठी तुमचाच हाडांचा डॉक्टर ठरवलाय. नाटक तुमच्या पुढच्या खोलीत करू, ऐश्वर्या एकटी पुरे आहे, खाट तुमचीच वापरू. मार्तंडरावांच्या खुर्चीवरचे कपडे तेवढे काढून ठेवा, तिथं आई बसेल. संगिताही येते म्हणते, मशीन घेऊन.

मी हे लिहीत असताना आई शेजारी पाय लांब करून बसलीय. गुडघ्याला तेल चोळून मागते आणि मध्येच कण्हते, चांगली मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. तिला विचारलं, नीलाताईला काय लिहू तुझ्याकडून. तिनं विचार केला.

"लिही," म्हणाली, "आमी बरे न्हाई. तुमी बी बऱ्या न्हाई. मंग आता चहा ठेवा, येऊन राहिलो."

भीमराज